दोन डाव्या पात्यांची कात्री

आमच्या गावाचं नाव तुपोवो. नावाचा अर्थ 'बोथट'. या गावात कात्र्यांचा सरकारी कारखाना काढावा असा ठराव राजधानीतल्या एका समितीने एकमताने केला आणि ठराव वाचताना समितीतल्या एकालाही हसू आलं नाही, असं इतिवृत्तात नमूद आहे. चारशे बारा कामगार, दोन धुराडी, एक कँटीन आणि फाटकावर सहा मीटर उंचीची सिमेंटची कात्री, एवढ्या तयारीनिशी उत्पादन सुरू झालं. मी तिथे गुणवत्ता तपासनीस होतो. सिगारेटचा कागद ओला करायचा, त्यावर कात्री चालवायची. कागद कापला गेला तर 'उत्तीर्ण' असा निळा शिक्का, चुरगळला तर 'नापास' असा लाल. सबंध नोकरीत मी एकही शिक्का चुकीचा मारला नाही. त्यामुळे लोक मला खडूस म्हणायचे. मी स्वभावाने वाईट नाही, तपासनीस आहे.

वुकोता झारिच त्याच कारखान्यात खोकी भरायचा. तयार कात्री पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची आणि झाकण लावायचं, एवढंच त्याचं काम होतं. उंची दोन मीटर, खांदे दरवाजाएवढे, आवाज भारदस्त. दिवसाला तो अकरा खोकी भरायचा. मुकादमाने एकदा विचारलं, "वुकोता, जरा हात चालव की." तो शांतपणे म्हणाला, "कात्री पळून चालली आहे का?" आमच्या डोंगरात घाई न करणं हे चांगल्या घरचं लक्षण मानतात. शिवाय ज्याने कधी काही केलंच नाही, त्याच्या हातून कोणाचं वाईट तरी कसं होणार? अख्ख्या कारखान्यात वुकोताचं वाकडं असं कोणाशीच नव्हतं, आणि पुढे जे झालं ते यातूनच झालं.

शहाऐंशी सालची गोष्ट. कात्रीला पाती दोन असतात. आमच्याकडे डाव्या पात्यांचा विभाग सेकुलेकडे होता आणि उजव्यांचा ब्लाझोकडे. दोघांच्या घरांच्या हद्दीवर एक अलुबुखाऱ्याचं झाड होतं. ते कोणाचं यावरून दोघांत सात वर्षं अबोला होता. अबोल्यामुळे मापं कळेनात, मापं न कळल्यामुळे सेकुलेचं पातं ब्लाझोच्या पात्याहून बोटभर लांब निघू लागलं. ब्लाझोने भिंतीकडे तोंड करून जाहीर केलं, "त्याला सांगा, आधी आपलं पातं तोकडं कर. तोवर उजवी पाती बंद." आणि त्याने खरोखरच बंद केली. गोदामात ऐंशी हजार डावी पाती साठली. उत्पादनाचं लक्ष्य पात्यांच्या संख्येवर ठरलेलं असल्यामुळे त्या वर्षी कारखान्याला पारितोषिक मिळालं.

पारितोषिक द्यायला पाहुणे येणार, त्यांना दाखवायला एक तरी कात्री हवी. जुळणी विभागाने घाईघाईने दोन डावी पाती एकत्र ठोकली, वर सोनेरी मुलामा दिला आणि 'नमुना क्रमांक एक' म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी कागद ओला केला, कात्री चालवली. कागद नुसता चुरगळला. मी लाल शिक्का मारला. तरीही ती खोक्यातून काचेच्या कपाटात गेली, कारण दुसरी कात्री नव्हती.

पाहुणे जेवून गेले. भांडण राहिलं. आता असलं भांडण मिटवायचा आमच्याकडे एक ठरलेला मार्ग आहे. एकाने दुसऱ्याच्या मुलाचं जावळ काढायचं. पहिली बट कापली की कापणारा त्या घराचा 'कूम' होतो. कूम म्हणजे देवासमोर जोडलेला नातलग, सख्ख्या भावाहून वरचा. कूमशी भांडायचं नाही, कूमविरुद्ध साक्ष द्यायची नाही, आणि कोणी 'कूम होतोस का' असं तोंडाने विचारलं तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर सात पिढ्या लोक नावं ठेवतात. पण विचारायचं आधी कोणी? जो विचारेल तो झुकला. सेकुले झुकायला तयार नव्हता, ब्लाझोही नव्हता, आणि दोघांच्या पाच वर्षांच्या मुलांच्या वेण्या पाठीवर लोळत होत्या.

वडीलधारी मंडळी कँटीनमध्ये तीन दिवस कॉफी पीत बसली. वुकोता तिथेच होता, कारण तो नेहमी तिथेच असायचा. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्याकडे बघून म्हणालं, "हा बघा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. यानेच काढावं दोघांच्या पोरांचं जावळ. मग दोघंही याचे कूम. कूमचा कूम तो आपलाच."

"मला उठावं लागेल का?" वुकोताने विचारलं.

"पोरांना तुझ्यापर्यंत आणू."

"मग चालेल."

कात्री आणायला पाठवलं, आणि कपाटातून आली ती नमुना क्रमांक एक. मी सहा पावलांवर उभा होतो. सेकुले आपल्या मुलाला धरून अगदी चिकटून उभा होता. वुकोताने सोनेरी कात्री बटेवर ठेवली, दाबली, क्षणभर काही झालं नाही. त्याच्या कपाळावर घाम दिसला. आणि मग बट खाली पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ब्लाझोच्या मुलाच्या वेळीही तसंच झालं. सेकुले आणि ब्लाझो एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, राकिया दारूची बाटली फुटली, झाड तोडून त्याच्याच लाकडावर बोकड भाजला. मी तेवढा टाळ्या न वाजवता उभा होतो. ओला कागद न कापणाऱ्या कात्रीने केस कसे कापले, हे माझ्या डोक्यात शिरेना, आणि पुढची पस्तीस वर्षं शिरलं नाही.

त्याच महिन्यात संचालकांची बदली झाली. खुर्चीवर हक्क सांगणारे दोघं होते.

"ब्लाझो माझ्या कूमचा कूम आहे," सेकुले म्हणाला. "त्याच्यासाठी जीव देईन. पण त्याच्या हाताखाली काम करणार नाही."

"मीही जीव देईन," ब्लाझो म्हणाला. "बाकी त्याने सांगितलंच."

वुकोताने कप खाली ठेवला. "मग खुर्ची रिकामीच ठेवू. मी बसतो तिच्यात, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला मिळणार नाही."

हा तोडगा सर्वांना पटला. अशा रीतीने खुर्ची रिकामी राखण्यासाठी वुकोता झारिच कारखान्याचा संचालक झाला.

कामगारांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. कूमला कामावरून काढता येत नाही, त्याला रागावता येत नाही, उशीर झाला तर त्यालाच कॉफी विचारावी लागते. महिन्याभरात संचालकांच्या दालनाबाहेर वेण्यावाल्या मुलांची रांग लागली. ज्यांना लहान मुलं नव्हती त्यांनी पुतणे आणले. हजेरीपटात 'हजर', 'गैरहजर' याबरोबर 'कूम' असा तिसरा रकाना आला. उत्पादन नऊ हजारांवर आलं, मग नऊशेवर, मग नऊवर. त्या नऊ मी तपासल्या आणि नऊही नापास केल्या. मला मात्र वुकोताने कूम होण्याबद्दल विचारलं नाही. मला एकच मुलगी, रुझा. जुन्या रीतीप्रमाणे जावळ मुलाचंच काढत, म्हणून मी सुटलो होतो.

शेवटी कारखाना बंद झाला. दुसरीकडे कारखाने बंद झाले तेव्हा टायर जळले, दगड पडले. आमच्याकडे वुकोता फाटकावर उभा राहून म्हणाला, "कूमांनो, हा कारखाना आपण बंद करत नाही आहोत. त्याला विश्रांती देत आहोत. चाळीस वर्षं राबलाय बिचारा." लोकांचे डोळे पाणावले. आपल्याच कूमविरुद्ध संप तरी कसा करायचा? चारशे अकरा माणसं एकेक करून त्याला मिठी मारून घरी गेली. मला इतका राग आला की मी फाटकावर लाल शिक्का मारला. फाटक आधीच गंजून लाल झालं होतं, त्यामुळे तो दिसला नाही.

राजधानीत मात्र या घटनेची दखल घेतली गेली. एक दगड न पडता कारखाना बंद करणारा माणूस देशात पहिल्यांदाच आढळला होता. वुकोताला बोलावून उद्योगमंत्री केलं. उरलेले कारखानेही त्याने त्याच पद्धतीने विश्रांतीला पाठवले. एकही उद्योग शिल्लक न उरल्यावर उद्योग खात्याचं काम शंभर टक्के पूर्ण झाल्याचा अहवाल निघाला, आणि काम पूर्ण करणारा मंत्री म्हणून त्याला बांधकाम खातं दिलं. तिथे बोगद्यांच्या, पुलांच्या फिती कापायच्या होत्या. मी टीव्हीवर बघितलं. लाल फीत, सोनेरी कात्री, शेजारी वाकलेला कंत्राटदार, आणि फीत कापली गेली. मी खुर्चीतून उठलो.

"बस खाली, कॉफी सांडेल," माझी बायको स्ताना म्हणाली.

"अगं, ती कात्री नापास आहे."

"बोगद्यातून गाड्या जातायत ना? मग तुझं काय दुखतंय?"

बोगद्यातून गाड्या जात नव्हत्या. बोगद्याला दुसरं तोंड नव्हतं. पण त्या मुद्द्यावर स्तानाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तिचा भाचा तिथे चौकीदार लागला होता.

पुढे 'प्रथम केशकर्तन राष्ट्रीय कार्यक्रम' सुरू झाला. अर्ज तीन प्रतींत, सोबत केसांचा कापण्यापूर्वीचा फोटो. जन्मतः टक्कल असलेल्या बालकांसाठी परिशिष्ट 'क', त्यात डॉक्टरने 'केस अपेक्षित' असा दाखला द्यायचा. तरुणांचं काय, असा प्रश्न आल्यावर ज्यांचं जावळ आधी दुसऱ्याने काढलं होतं त्यांना 'फेरजावळ' मंजूर झालं. निवृत्तांसाठी मिशीची तरतूद झाली. एका दूरच्या खेड्यात माणसं संपल्यावर आठ बोकडांची दाढीही कापली गेल्याचं मी ऐकलंय, पण ते मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून नोंदवत नाही. एका बुवाने एकतारीवर वुकोताचा पोवाडा रचला. त्यात नमुना क्रमांक एक ही कात्री रणांगणात शत्रूच्या हातून हिसकावून घेतलेली असल्याचं वर्णन होतं.

विरोधी पक्षाने संसदेत अविश्वासाचा ठराव आणला. तेव्हा वुकोता सावकाश उठला, व्यासपीठावर गेला आणि विरोधी नेत्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "मी तुला विचारतो. माझा कूम होतोस का?" नाही म्हणता येत नव्हतं. नेत्याच्या धाकट्याला शाळेतून गाडी पाठवून आणलं आणि शून्य प्रहरात त्याचं जावळ निघालं. ठराव मांडणाऱ्यानेच विरोधात मत दिलं.

मीही त्या दिवशी एक गोष्ट पक्की केली. विचारल्यावर नाही म्हणता येत नाही, म्हणून विचारूच द्यायचं नाही. वुकोता गावात आला की मी मागच्या दाराने, शेळ्यांच्या गोठ्यातून, डोंगरावर पसार व्हायचो. संध्याकाळी परत यायचो. स्ताना म्हणायची, "शेळ्यांनाही तुझी लाज वाटायला लागलीय."

मग युरोपातले पाहुणे आले. आम्हाला युरोपीय संघात घेण्यापूर्वी त्यांना आमचा देश तपासायचा होता. कामाबद्दल मला त्यांचा आदर वाटला. त्यांनी सांगितलं, तुमच्याकडे सगळे एकमेकांचे नातलग दिसतात, हे बरोबर नाही. हितसंबंधांचा कायदा करा. सरकारने ताबडतोब केला, तोही कडक. यापुढे कोणत्याही अधिकाऱ्याने, न्यायाधीशाने वा निरीक्षकाने आपल्या कूमसंबंधीच्या प्रकरणात निर्णय घ्यायचा नाही. सर्वांनी आपापले कूम जाहीर करायचे. लोकांनी अभिमानाने जाहीर केले. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाची चौकशी एका न्यायाधीशाकडे गेली, तो वुकोताचा कूम म्हणून बाजूला झाला. दुसरा बाजूला झाला. शेवटी न्यायालयाचा शिपाईही बाजूला झाला आणि ती फाइल दोन दिवस जिन्यात एकटीच पडून होती. वुकोता तोवर उपपंतप्रधान झालेला होता, त्यामुळे देशातला प्रत्येक कागद कुठून ना कुठून त्याच्यापर्यंत पोचायचा, आणि प्रत्येक कागदावर सही करणारा बाजूला व्हायचा.

संगणकाला शोधायला सांगितलं. साडेसहा लाखांच्या देशात वुकोता झारिचचा कूम नसलेलं एकच घर निघालं, आणि त्या घराचा कर्ता मी. मला पत्र आलं. माझी नेमणूक 'राष्ट्रीय असंबंधित व्यक्ती (प्रभारी)' या पदावर झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून ट्रकने फाइली येऊ लागल्या. घरात जागा संपली तेव्हा गोठ्यात रचल्या. शेळ्या अंगणात आल्या. मी फाइल वाचायचो, तपासायचो आणि शिक्का मारायचो. दहातल्या नऊ लाल. मला वाटलं होतं, आता गहजब होईल. काहीच झालं नाही. 'नापास' हाही निर्णयच असल्यामुळे फाइल निकाली निघाली असं धरत आणि पुढे पाठवत. लाल शिक्क्याचा बोगदा निळ्या शिक्क्याच्या बोगद्याइतकाच बंद राहिला.

या सगळ्यात माझी एकच फाइल अडली. नात याग्लिका चार वर्षांची झाली होती. जावई बोटीवर, वर्षातून एकदा येणार. रुझा पहाटेपासून बेकरीत कामाला. स्तानाचे गुडघे गेलेले आणि मी राष्ट्रीय कामात. म्हणून पोर आईबरोबर बेकरीत जायची आणि दिवसभर पिठाच्या पोत्यांवर बसायची. आत पिठाचा धुरळा. तिला खोकला जडला. डॉक्टरने सांगितलं, तिला तिथून काढा. गावात बालवाडी एकच, जागा साठ. एकोणसाठ कूमांच्या घरांतल्या मुलांनी भरलेल्या. साठावी युरोपच्या सांगण्यावरून राखीव होती, 'ज्यांची कोणाशी ओळख नाही अशांसाठी'.

मी अर्ज घेऊन गेलो. बालवाडीच्या बाईंनी चष्मा वर केला.

"सोबत शिफारसपत्र जोडलेलं नाही, ओब्रादकाका."

"कोणाचं?"

"कोणाही ओळखीच्या व्यक्तीचं."

"अहो, जागा ओळख नसलेल्यांसाठी आहे."

"हो ना. पण तुमची खरंच कोणाशी ओळख नाही, हे आम्हाला कसं कळणार? ओळखीच्या माणसानेच तसं लिहून द्यायला हवं."

"मी राष्ट्रीय असंबंधित व्यक्ती आहे. मीच लिहून देतो."

"नात तुमची. हितसंबंध येतो." बाईंनी चष्मा खाली घेतला. "मला वाईट वाटतं, काका. पण वुकोतासाहेब फक्त एक बट कापणार आहेत हो. आता मुलींचंही जावळ काढतात, समानतेचा नियम आला. पोरीचे केस परत वाढतील."

घरी आलो तेव्हा याग्लिका पायरीवर खोकत बसली होती. केस कमरेपर्यंत आलेले. रुझाने मला काही विचारलं नाही. बाहीवरचं पीठ झटकत ती आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात शेवटचं पत्र आलं. वुकोता झारिच यांचं नाव पंतप्रधानपदासाठी निश्चित झालं असून, कायद्यातील तरतुदीनुसार सदर उमेदवाराच्या योग्यतेचा दाखला असंबंधित व्यक्तीने द्यावयाचा आहे. दाखल्याशिवाय शपथ नाही. तळाशी शिक्क्यासाठी चौकट होती. मी लाल शिक्का काढला, शाई घातली, आणि नोकरीतल्या पहिल्या दिवसासारखा ताठ बसलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

सकाळी दहाला अंगणात चार काळ्या गाड्या उभ्या राहिल्या. मी मागच्या दाराकडे धावलो. दार उघडलं आणि समोर फाइलींची भिंत. गोठा छतापर्यंत भरलेला. माझ्याच हातांनी रचलेला.

"तिकडून रस्ता नाहीय," स्ताना शांतपणे म्हणाली. "मी कॉफी ठेवलीय. सगळ्यांना पुरेल."

वुकोता वाकून आत आला, खुर्चीत मावेल तेवढा बसला. केस पांढरे झाले होते, बाकी खोकी भरायचा तेव्हाचाच माणूस. मागे टीव्हीवाले, सचिव, सेकुले आणि ब्लाझोही, दोघं आता सल्लागार होते. रुझा याग्लिकाला घेऊन कामावरून धावत आली होती आणि दारात उभी होती.

"ओब्राद, मी तुला काहीतरी विचारायला आलोय."

"विचारू नकोस."

"अजून विचारलं नाही."

"म्हणूनच सांगतोय. आधी कात्री दाखव."

त्याने मखमली डबीतून नमुना क्रमांक एक काढली. मी सिगारेटचा कागद ओला केला, सगळ्यांसमोर कात्री चालवली. कागद चुरगळला.

"शहाऐंशी साली नापास, आजही नापास," मी म्हणालो. "दोन्ही पाती डावी आहेत."

"माहीत आहे मला," वुकोता म्हणाला. "खोक्यात मीच भरली होती. त्या दिवसातलं अकरावं खोकं."

मी कात्री टेबलावर ठेवली. "मग केस कसे कापले जातात?"

त्याने टीव्हीवाल्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. "सेकुलेच्या पोराच्या वेळी मी दाबली. काही होईना. सगळं गाव बघत होतं, मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात सेकुलेनेच बाहीतून आपली लहान कात्री काढली आणि खालून घातली. बापच तो, त्याला तंटा मिटायला हवा होता. ब्लाझोनेही तेच केलं. बोगद्यावर कंत्राटदाराने, संसदेत विरोधी नेत्याने स्वतः." त्याने कॉफीचा घोट घेतला. "मी आयुष्यात एक केस कापलेला नाही, ओब्राद. मी नुसती कात्री धरतो. खालून कोणीतरी घालतंच."

सेकुले छताकडे बघत होता. ब्लाझो भिंतीकडे, जुन्या सवयीने.

"मी घालणार नाही," मी म्हणालो.

"नको घालूस. माझं काही म्हणणं नाही." आणि मग तो उभा राहिला, छाती भरून घेतली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "ओब्राद, मी तुला विचारतो. माझा कूम होतोस का?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. स्तानाने मात्र याग्लिकाला आणून स्टुलावर बसवलं होतं आणि तिची वेणी सोडली होती. टीव्हीवाले आत आले. वुकोताने एक बट धरली, सोनेरी कात्री ठेवली, दाबली. काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबली.

"आजोबा, ही नुसती चावते," याग्लिका म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

ती बराच वेळ खोकली. वुकोता कात्री धरून तसाच उभा होता, अजिबात घाई न करता. मी रुझाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बंडीच्या खिशाकडे बघत होती. त्या खिशात मी माझी तपासणीची कात्री ठेवतो हे तिला लहानपणापासून माहीत आहे. अठ्ठ्याहत्तर सालची, एक पातं डावं, एक उजवं, निळ्या शिक्क्याची.

मी वाकलो. पोरीला धरल्यासारखं केलं आणि कात्री खालून घातली. कट्ट असा आवाज झाला. फार सुंदर आवाज होता तो. बट वुकोताच्या हातात आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, स्ताना डोळे पुसू लागली, आणि त्याने माझ्या गालावर तीनदा ओठ टेकवून कानात म्हटलं, "आभारी आहे, कुमा."

मला स्वतःची लाज वाटली. अजून वाटते. सोमवारी याग्लिका बालवाडीत गेली आणि पंधरा दिवसांत तिचा खोकला थांबला, हेही खरं आहे. तिची आता ओळख असल्यामुळे तिला राखीव जागा देता आली नाही, म्हणून एकसष्टावी जागा निर्माण केली. साठावी अजून रिकामी आहे, योग्य उमेदवाराच्या प्रतीक्षेत. मी वुकोताचा कूम झाल्यामुळे त्याच्या दाखल्यावर शिक्का मारायला अपात्र ठरलो. असंबंधित व्यक्तीच शिल्लक नसेल तर दाखला दिला असं गृहीत धरावं, असं कायद्याच्या शेवटच्या पोटकलमात होतं. पंतप्रधानांनी शपथ घेतली. ती सचिवाने वाचली, त्यांनी नुसते ओठ हलवले.

आता अडचण अशी की फाइली अजून येतातच आणि देशात सही करायला माणूस नाही. राजधानीतून मला पत्र आलंय की, देशाबाहेरची एखादी व्यक्ती सुचवावी. वुकोताला न ओळखणारी, आणि आयुष्यात कधी कोणाच्या बोथट कात्रीखाली आपली कात्री न घातलेली. तुम्ही इथवर वाचलंत, मधूनमधून हसलातही असाल. म्हणजे तुम्ही आमच्यातले नाही असं मी धरलं आणि तुमचं नाव कळवून टाकलं. चौकशीला माणूस येईल. घाबरू नका, तो एकच प्रश्न विचारतो. तुमच्या मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी तुम्ही फोन कोणाला केला होता? दोन्ही शिक्के मी त्याच्याबरोबर पाठवले आहेत. उत्तर दिल्यावर जो लागू असेल तो तुमचा तुम्हीच मारून घ्या.